पांढऱ्यावर पांढरं

अप्पा मारायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याविषयी चांगलं बोलायला सुरुवात केली की घाटनांदूरची माणसं मधेच थांबवून विचारतात, कोण, फोडप्पा का? हो, तेच. टेबलावर मूठ मारायचे, मशीनच्या पेटीला लाथ घालायचे, कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलून टेबलाच्या कडेवर आपटायचे. गूळ पावडरच्या कारखान्यात मी कंट्रोल रूमला रुजू झाले त्याच सकाळी त्यांनी एक कीबोर्ड फोडला, आणि दुपारी जेवायला बसले तेव्हा माझ्या डब्याच्या पिशवीत 'एंटर'चं बटण निघालं. मी ते त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सापडलं आक्का. ह्याच्याबिगर पुढं जाता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी नवा कीबोर्ड त्यांनी स्वतः अंबाजोगाईहून आणून लावला. लावताना त्यावरून असा हात फिरवत होते की आदल्या दिवशीचा माणूस हाच का, असं वाटावं. मी त्यांना विचारलं होतं की एवढा राग येतो कशाचा. त्यांनी खरंच विचार करून उत्तर दिलं. यंत्राचा राग येतच नाही, म्हणाले, यंत्र सांगितलं तेवढंच करतं; राग सांगणाऱ्याचा येतो, आणि बहुतेक वेळा सांगणारा मीच असतो.

घाटनांदूरच्या चौकात त्यांच्या भावाचं किराणा दुकान. घर लिंगायतांचं. पंचावन्नच्या पुढचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पेचकस. हात मात्र दुकानदाराचे नव्हते. पैलवानासारखे, मनगटापाशी रुंद, आणि त्या जाड बोटांनी ते इतकं भरभर टाइप करायचे की कौलांवर गारा पडाव्यात तसा आवाज यायचा. पुण्यात एका कंपनीत वीस वर्षं प्रोग्राम लिहिण्यात गेली. तिथे वरिष्ठाच्या डोक्यात खुर्ची घातली म्हणून परत आले, असं कारखान्यात सगळे सांगायचे. एकदा मी धीर करून खरंखोटं विचारलं. त्यांनी मान हलवली. "खुर्ची न्हाई, स्टूल होतं. खुर्ची असती तर मेला असता ना."

घरात मात्र त्यांचा हात कधी उठला नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या घरच्यांनी, शकूआक्कांनी, मला स्वतः सांगितलं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात भाजीत मीठ जास्त झालं म्हणून अप्पांनी ताट भिंतीवर फेकलं. शकूआक्का आत गेल्या, खलबत्त्यातला बत्ता घेऊन बाहेर आल्या आणि तो अप्पांच्या कानाजवळून त्याच भिंतीवर फेकला. पोपडा निघाला. तो त्यांनी पुढे कित्येक वर्षं लिंपू दिला नाही. सांगताना त्या हसत होत्या आणि अप्पा शेजारी बसून निमूटपणे शेंगा सोलत होते.

आमच्या कंट्रोल रूममधला पडदा चित्रांचा नव्हता, नुसत्या अक्षरांचा. कारखाना चिपाडाच्या धुळीने भरलेला, संगणक जुने. त्यावर रंगीत चित्रं नाचवण्यात अर्थ नव्हता. बारा मोटारींच्या बारा ओळी, मोटर चालू असली की हिरव्या अक्षरात 'रन', बंद असली की लाल अक्षरात 'स्टॉप'. अप्पांनीच लिहिलेला प्रोग्राम. अशा पडद्याला टर्मिनल म्हणतात. त्यावरच्या प्रत्येक अक्षराला दोन रंग असतात, एक अक्षराचा आणि एक त्याच्या मागचा. प्रोग्रामने काहीच सांगितलं नाही तर पडदा आपले ठरलेले रंग वापरतो, आणि ते ठरवतो त्याच्यासमोर बसणारा माणूस. कुणी काळ्यावर पांढरं ठेवतो, कुणी पांढऱ्यावर काळं. बाहेरच्या माणसाला ही बारीकशी गोष्ट वाटेल. अप्पांसाठी ती इभ्रतीची होती. म्हणायचे, "पडदा ज्याचा, रंग त्याचा. आपण तिथं पाव्हणे."

ह्याच गोष्टीवरून त्यांनी एका इंजिनिअरला मारलेलं मी पाहिलं आहे. बॉयलरचे मीटर बसवायला बाहेरच्या एका कंपनीचा माणूस आला होता. तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला. त्याचा प्रोग्राम बंद केला की तो जाताना पडद्याचे रंग बदलून जायचा. मागे काळं आणि त्यावर गडद निळी अक्षरं राहायची. वजनकाट्यावरच्या माणसाला काही दिसेना. इंजिनिअर म्हणाला की संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, जातं ते. अप्पा उठले, त्याची मान मागून धरली आणि त्याचं नाक पडद्याला टेकेपर्यंत तोंड पुढे दाबलं. काय लिहिलंय ते वाच, म्हणाले. त्याला वाचता येईना. चष्म्याची काच तडकली तेव्हा मी ओरडले. अप्पांनी त्याला सोडलं नाही, फक्त आवाज खाली आणला. "तू कुणाच्या घरी जेवायला गेलतास, तर निघताना त्यांच्या भिंतीला हात पुसतोस का बे?"

मॅनेजर धावत आले आणि दोघांना वेगळं केलं. इंजिनिअरने अर्ध्या तासात दुरुस्ती केली. एका ओळीचं काम होतं: निघताना पडदा होता तसा कर. संध्याकाळी अप्पा त्याला स्कूटरवर बसवून घरी भाकरी खायला घेऊन गेले आणि भावाच्या ओळखीने त्याच्या चष्म्याला काच बसवून दिली. तो जाताना अप्पांच्या पाया पडला, असं शकूआक्का सांगतात. मला ते खरं वाटत नाही. पण तो पुढे दोनदा आला आणि दोन्ही वेळा आधी अप्पांकडे गेला, हे मी पाहिलं आहे.

आता माझ्या हातून झालेलं सांगते. कंट्रोल रूमची खिडकी पश्चिमेला. उन्हाळा लागला तसं दुपारनंतर ऊन थेट पडद्यावर यायला लागलं. काळ्या पडद्यात अक्षरांऐवजी मला माझाच चेहरा दिसायचा, डोळे चुरचुरायचे. एके दिवशी मी पडद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन मागचा रंग पांढरा केला, अक्षरं काळी. लगेच सगळं स्वच्छ दिसायला लागलं. लाल स्टॉप, हिरवं रन, ओळींची नावं काळ्यात. थोड्या वेळाने अप्पा आले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मला विचारलं की डोळ्याला बरं वाटतंय का, आणि मी हो म्हटल्यावर ठीक हाय म्हणून निघून गेले.

त्या पडद्यावर शेवटी आणखी एक रकाना होता. तो बहुतेक वेळा रिकामा असायचा. कधीतरी एखाद्या ओळीत तिथे 'ऑटो' असा शब्द यायचा. त्याचा अर्थ, ही मोटर आत्ता बंद असली तरी मागचा पट्टा सुरू झाला की आपोआप फिरायला लागेल. हा शब्द नजरेत भरावा म्हणून अप्पांनी तो ठळक पांढऱ्या रंगात लिहिला होता. मागे कोणता रंग असावा हे मात्र लिहिलं नव्हतं. प्रोग्राम दहा वर्षांपूर्वीचा, तेव्हा कारखान्यातले सगळे पडदे काळे होते.

पडदा पांढरा केल्याला तीन आठवडे झाले असतील. कटरच्या पात्यात लोखंडाची पट्टी अडकली. ऊस चरकात जाण्याआधी त्याचे तुकडे करणारा हा पात्यांचा मोठा रूळ. तिथे नागनाथ कामाला होता. धारूरच्या बाजूचा, अठ्ठावीस वर्षांचा, सारखा शीळ घालणारा. खरं तर पात्यात हात घालण्याआधी मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावायचं असतं. ती कुलपं मॅनेजरांच्या कपाटात असायची. ती मागायची, लावायची, काढायची म्हणजे अर्धा तास गाळप थांबणार, म्हणून मॅनेजरांनी फोनवर विचारून काम करायची पद्धत पाडली होती. आम्ही सगळ्यांनी ती चालवून घेतली होती.

नागनाथने फोनवर विचारलं, "आक्का, कटर बंद हाय न्हवं?"

मी पडद्यावर पाहिलं. कटरच्या ओळीत लाल अक्षरांत स्टॉप. शेवटचा रकाना कोरा. म्हणाले, बंद आहे, जा.

त्याने फोन जागेवर ठेवला नाही, तसाच लोंबकळत सोडून आत गेला. दोनेक मिनिटांत पलीकडच्या माणसाने मागचा पट्टा सुरू केला. मला फोनमधून आधी कटरचा आवाज ऐकू आला आणि मग नागनाथचा.

मी लाल बटण दाबलं आणि धावले. पाती थांबेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. त्याचा उजवा हात कोपराच्या वर तुटला होता. कटरच्या तोंडाशी चिपाडं लाल झाली होती आणि त्यावर माशा बसायला सुरुवातही झाली होती. दोघांनी त्याच्या दंडाला गमछा आवळला. तो बेशुद्ध नव्हता, हे सगळ्यात वाईट. तो आपला हात कुठे आहे ते इकडेतिकडे पाहत होता. जीपमध्ये घालून त्याला अंबाजोगाईला नेलं. मी परत कंट्रोल रूममध्ये येऊन खुर्चीवर बसले आणि माझ्या टेबलावर पडलेला फोन कानाला लावून बसून राहिले, का ते मला माहीत नाही.

अप्पा बॉयलरकडून धावत आले. त्यांनी मला एकच विचारलं, काय दिसत होतं. मी बोटाने दाखवलं. ते माझ्या मागे उभे राहून पाहत राहिले. मग वाकून त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन पडदा काळा केला. कटरच्या ओळीत, शेवटच्या रकान्यात, ठळक पांढऱ्या अक्षरांत शब्द होता: ऑटो. तो सगळा वेळ तिथेच होता. पांढऱ्यावर पांढरा. त्यांनी पडदा पुन्हा पांढरा केला, शब्द गेला. काळा केला, आला. असं तीनदा केलं. मी डोकं दोन्ही हातांनी झाकून घेतलं, कारण आता ते पडदा फोडतील ह्याबद्दल मला शंका नव्हती. काहीच आवाज आला नाही. पाहिलं तर ते माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"आक्का," ते म्हणाले, "तुमी वाचलं ते बरोबरच वाचलं. वाचता येऊ नये असं मी लिहिलतं."

मी म्हटलं की रंग मी बदलला. ते म्हणाले, बदलायचा हक्क होता तुमचा. तीन आठवडे हा पडदा माझ्या डोळ्यांपुढे होता आणि मी दारात उभा राहून ठीक हाय म्हणालो. त्या पोराला भिंतीवर हात पुसतोस का म्हणून मारलं, आणि माझ्याच घरात काय लिहून ठेवलंय ते बघितलं न्हाई.

दिवस मावळायच्या आत नागनाथच्या गावची माणसं आली. दोन ट्रॉल्या भरून. फाटक त्यांनी ट्रॅक्टरनेच पाडलं. मॅनेजर मागच्या दाराने निघून गेले होते. गावातून आलेल्यांना कुणीतरी सांगितलं होतं की कंट्रोल रूमच्या बाईनं बंद हाय म्हणून सांगितलं, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडात होतं. खिडकीची काच फुटून माझ्या केसांत आली. काहींच्या हातात काठ्या, काहींच्या हातात ऊस तोडायचे कोयते. मी टेबलाखाली शिरले. कारखान्यात चाळीस माणसं असतील, त्यातलं एकही माझ्याकडे आलं नाही आणि मी त्यांना दोष देत नाही.

अप्पा दारात जाऊन उभे राहिले. दोन्ही हातांनी दोन्हीकडची चौकट धरली. त्यांनी ओरडून सांगितलं की प्रोग्राम माझा हाय, चूक माझी हाय, बाईचा ह्यात काही संबंध न्हाई. मी टेबलाखालून त्यांच्या पाठीकडे पाहत होते. मला माहीत होतं त्या हातांत काय ताकद आहे. समोरचे दोघे-तिघे त्यांनी सहज आडवे केले असते आणि बाकीच्यांनी जरा विचार केला असता. त्यांनी एकालाही हात लावला नाही. पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी तोंडावर. मग एकाने कोयत्याची मागची, बोथट बाजू त्यांच्या उजव्या हातावर मारायला सुरुवात केली, चौकट सुटावी म्हणून. एक, दोन, तीन. हाड मोडल्याचा आवाज मला टेबलाखाली आला. चौकट सुटली नाही. ते रक्त थुंकून पुन्हा तेच सांगत होते, माझा प्रोग्राम हाय. ओरडतही नव्हते आता, एखाद्याला पत्ता सांगावा तसं.

शेवटी नागनाथचे वडीलच मागून पुढे आले. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला मळकट पटका. त्यांनी कोयता धरलेल्या पोराचा हात धरला आणि सगळ्यांना परत फिरवलं. अप्पांकडे त्यांनी पाहिलंही नाही. पोलिसांची गाडी आली तोपर्यंत अंगणात फक्त काचा होत्या.

नागनाथ आणि अप्पा एकाच इस्पितळात होते, एक वरच्या मजल्यावर, एक खालच्या. अप्पांचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, जबडा सुजलेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला निरोप पाठवून लॅपटॉप घेऊन बोलावलं. कारखाना पुन्हा सुरू होणार होता आणि त्याआधी दुरुस्ती व्हायला हवी होती. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. बोलताना त्यांच्या ओठातून रक्त यायचं आणि शकूआक्का ते फडक्याने टिपायच्या.

त्या दिवशी जे शिकले ते आजही तसंच पाळते. एकटा रंग कधी सांगायचा नाही. अक्षराचा सांगितला तर मागचाही सांगायचा, नाही तर दोन्ही पडद्यावर सोडायचे. सोडायचं असेल तर रंगाच्या जागी उणे एक लिहायचं. त्याचा अर्थ पडद्याला कळतो: तुझा जो असेल तो घे. मी विचारलं, मग धोक्याचा शब्द नजरेत कसा भरायचा? ते म्हणाले, उलटा करा. अक्षराचा रंग मागे, मागचा पुढे. पडदा काळा असो, पांढरा असो, पिवळा असो, उलटा शब्द दिसणारच. 

"उणे एक म्हणजे मला माहीत न्हाई असं कबूल करणं हाय आक्का," ते म्हणाले. "तेवढं लिहायला मला दहा वर्षं कमीपणा वाटला."

मी कारखान्यात जाऊन पाच वेगवेगळ्या रंगांच्या पडद्यांवर तो शब्द तपासला आणि पाचही फोटो त्यांना पाठवले. त्यांनी डाव्या हाताने उत्तर लिहिलं: सहावा कोणता असेल?

त्यानंतर दोन दिवसांनी मॅनेजर इस्पितळात आले. मी तिथेच होते, पण त्यांनी मला ओळख दिली नाही. त्यांच्याकडे टाइप केलेला कागद होता. अप्पांना उजव्या हाताने सही करता येणार नाही म्हणून शाईचा पॅडही आणला होता, डाव्या अंगठ्यासाठी. अप्पांनी मला कागद वाचायला सांगितलं. त्यात लिहिलं होतं की ऑपरेटर बाईंनी परवानगी न घेता पडद्याचे रंग बदलले आणि त्यामुळे अपघात झाला. माझं नाव पूर्ण लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट. कुलपांचा उल्लेख नव्हता. अप्पा म्हणाले, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. मॅनेजर समजावत होते की तुमचं काही जाणार नाही, कारखाना तुम्हाला परत घेईल, पोरगी आहे, दुसरीकडे लागेल.

अप्पांनी त्यांना जरा जवळ या म्हणून खूण केली. जबडा सुजलेला, मोठ्याने बोलता येत नसेल असं समजून मॅनेजर वाकले. अप्पांनी प्लास्टरचा हात उचलला आणि त्यांच्या तोंडावर हाणला. प्लास्टरचे दोन तुकडे झाले. मॅनेजर खाटेच्या पायाशी बसले आणि त्यांनी हातावर दोन दात थुंकले. शाईचा पॅड पालथा पडून चादर निळी झाली.  मग शकूआक्का उठल्या, कागदाची घडी घातली आणि मॅनेजरांच्या खिशात ठेवली.

हाड दुसऱ्यांदा मोडलं होतं. डॉक्टर खूप बोलले. ते गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "पयल्यांदा मोडला तवा लई दुखलं होतं. आत्ता काय न्हाई."

तो हात पुढे सरळ झाला नाही. मॅनेजरांनी पोलिसांत तक्रार दिली, आणि कुलपांचा विषय निघेल हे लक्षात आल्यावर परत घेतली. चौकशीला अधिकारी आले तेव्हा अप्पांनी तीनच गोष्टी सांगितल्या: पांढरा रंग मी लिहिला, कुलपं मॅनेजरांनी कपाटात ठेवली, बाईंनी पडद्यावर होतं ते वाचलं. अप्पांची नोकरी गेली. मॅनेजर दुसऱ्या कारखान्यात गेले. माझी नोकरी राहिली, आणि पुढच्या हंगामापासून प्रत्येक स्विचच्या शेजारी साखळीने बांधलेलं कुलूप आलं.

हात गळ्यात बांधूनच अप्पा पहिल्यांदा धारूरला नागनाथच्या घरी गेले. एका सोमवारी. नागनाथच्या वडिलांनी दार उघडलं आणि त्यांच्या थोबाडीत मारली, सुजलेल्या बाजूलाच. अप्पा तिथेच पायरीवर तासभर बसले आणि परत आले. पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. ह्या खेपेला दार उघडलंच नाही. तिसऱ्या सोमवारी नागनाथ स्वतः बाहेर आला, रिकामी बाही खिशात खोचलेली, आणि त्यांच्या शेजारी बसला. दोघांचा उजवा हात गेलेला. अप्पांनी पिशवीतून दोन वह्या काढल्या. डाव्या हाताने अक्षरं गिरवायला दोघांनी एकदमच सुरुवात केली.

हे सगळं मला अप्पांनीच सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, दुकानात भेटायला गेले की. नागनाथचं अक्षर त्यांच्याआधी सुधारलं, ह्याचा त्यांना राग आला होता आणि त्यांनी वही फाडली होती. मग टायपिंग. वर्षभरात नागनाथ एका हाताने इतकं टाइप करायला लागला की तेवढं तुम्हाला दोन हातांनीही जमत न्हाई, असं अप्पा मला म्हणायचे. त्याने धारूरच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान घातलं. तिथला प्रिंटर अप्पांनी एका सोमवारी डाव्या हाताच्या बुक्कीने फोडला आणि पुढच्या सोमवारी दुसरा आणला. नागनाथ हसला म्हणे. अपघातानंतर पहिल्यांदा.

एकदा त्यांनी मला विचारलं की येता का सोमवारी. मी ड्यूटीचं कारण सांगितलं. सोमवार माझा सुट्टीचा वार होता, ते त्यांना माहीत होतं. त्यांनी परत विचारलं नाही.

तीन वर्षं ते दर सोमवारी धारूरला जात राहिले. गेल्या वर्षी मकरसंक्रांतीनंतर दुकानात पोती सरकवताना छातीत कळ आली आणि तिथेच संपले. त्यांच्यात बसवून माती देतात. त्यांना मांडी घालून खड्ड्यात बसवलं, कपाळाला विभूती लावली, बेलाची पानं घातली. वाकडा उजवा हात मांडीवर नीट बसेना, विधी करणाऱ्या जंगमांनी दोनदा ठेवून पाहिला, शेवटी शकूआक्कांनी तसाच राहू द्या म्हटलं. माणसं ओंजळीने माती घालत होती. त्यात नागनाथ होता. एकाच हाताची ओंजळ होत नाही, म्हणून तो मूठ मूठ माती घालत होता, बाकीच्यांचं झालं तरी तो वाकून घालतच होता.

माणसं पांगल्यावर तो माझ्यापाशी आला. अपघातानंतर मी एकदाही त्याच्यासमोर उभी राहिले नव्हते. मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक अप्पांना माफ केलंस ना, असं काहीतरी विचारलं. आपल्याबद्दल विचारायचा धीर नसला की माणूस दुसऱ्याबद्दल विचारतो.

तो म्हणाला, "माफ-बिफ काय न्हाई केलं आक्का. हात माझा गेला. पण सोमवारी माणूस यायचा, ते बरं वाटायचं." मग पँटला हात पुसत म्हणाला, "तुमी कावून न्हाई आलात कधी?"

 तो थांबला नाही, धारूरची गाडी होती त्याला.

पुढच्या सोमवारी मी गेले. बसमधून उतरल्यावर घाटाच्या कडेने अर्धा तास चालावं लागतं. घर विचारत विचारत सापडलं. नागनाथ दुकानात गेला होता. दाराला कडी होती, ती वाजवली आणि मी जरा मागे सरून उभी राहिले. अंगावर येईल ते घ्यायचं, हे वाटेतच ठरवलं होतं, हात मागे धरले होते. त्याच्या वडिलांनी दार उघडलं. पटका तोच, माणूस आणखी वाळलेला. मी नाव सांगितलं आणि म्हणाले की त्या दिवशी फोनवर बंद आहे म्हणणारी मीच. ते उंबऱ्यात उभे राहून माझ्याकडे पाहत राहिले.  मग दारातून बाजूला झाले आणि आत कुणाला तरी म्हणाले, पाणी आण.